विश्लेषण : जनुक वगळलेला जंतू गाई-म्हशींचा गर्भपात रोखेल का?

सहा-सात महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडते. वार अडकते, दूध आटते आणि पुढचे वेत लांबते. पशुपालक कधी खुराकाला दोष देतो, कधी उन्हाला, तर कधी ‘गाय घसरून पडली असेल’ असे म्हणून गप्प बसतो. त्याच गोठ्यात पुढच्या काही महिन्यांत दुसरी, मग तिसरी गाय गाभडली, की संशयाची सुई ‘ब्रुसेला’ या जिवाणूकडे वळते. या रोगावरची लस जवळपास शंभर वर्षांपूर्वी सापडलेल्या एका दुबळ्या जिवाणूपासून बनते. ती उपयोगी आहे, पण तिच्यामुळे निदानाचा गोंधळ होतो आणि ती टोचणाऱ्यालाही धोका असतो. म्हणूनच या जिवाणूतील नेमके एखादे जनुक वगळून नवी लस तयार करण्याचे संशोधन जगभर सुरू आहे. त्यात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा आहे.

रोग कोणता, नुकसान किती?

ब्रुसेलोसिस म्हणजेच सांसर्गिक गर्भपात. गाई-म्हशींमध्ये तो प्रामुख्याने ‘ब्रुसेला अबॉर्टस’ या जिवाणूमुळे, तर शेळ्या-मेंढ्यांमध्ये ‘ब्रुसेला मेलिटेन्सिस’मुळे होतो. गाभडलेला गर्भ, वार आणि त्यानंतरचा स्राव यांत जिवाणूंची संख्या प्रचंड असते. तो चारा-पाण्यात मिसळला किंवा दुसऱ्या जनावराने चाटला, की रोग पसरतो. बाधित गाय एकदा गाभडल्यावर पुढच्या वेळी व्यवस्थित विऊ शकते. मात्र तेव्हाही तिच्या दुधातून आणि स्रावातून जिवाणू बाहेर पडत राहतात. वरवर धडधाकट दिसणारी अशी गाय बाजारातून नव्या गोठ्यात गेली, की रोगही तिच्यासोबत जातो.

माणसालाही हा रोग होतो. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर मृत सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू शोधला, म्हणून त्याला ‘माल्टा ताप’ असेही म्हणतात. चढ-उतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, कंबरदुखी ही त्याची लक्षणे. उपचारासाठी दोन प्रतिजैविके साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. धारोष्ण दूध पिणारे, गाय विताना हात घालून मदत करणारे पशुपालक, पशुवैद्यक आणि कत्तलखान्यातील कामगार यांना सर्वाधिक धोका असतो. दूध नीट उकळले, की हा जिवाणू मरतो.

२०१९च्या पशुगणनेनुसार देशात १९.२५ कोटी गोवंश आणि १०.९८ कोटी म्हशी आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ब्रुसेलोसिसमुळे भारतीय पशुधनाचे होणारे नुकसान सुमारे ३.४ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज मांडला होता.

जंतू दुबळा करण्याची जुनी रीत कोणती?

जिवंत पण दुबळा जंतू शरीरात सोडायचा, म्हणजे रोग होत नाही आणि प्रतिकारशक्ती मात्र तयार होते, हे तत्त्व लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना १८७९-८० मध्ये दाखवले. प्रयोगशाळेत बराच काळ पडून राहिलेला जंतू टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहीत आणि नंतर ताजा जंतू टोचल्यावरही त्या तगल्या. त्याच जातीच्या जिवाणूला पुढे पाश्चर यांच्यावरून ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ असे नाव मिळाले. आपल्याकडे पावसाळ्यात गाई-म्हशींचा जीव घेणारा घटसर्प याच जातीच्या जिवाणूमुळे होतो.

१९३०च्या दशकात मॅक्स स्टर्न यांनी दक्षिण आफ्रिकेत काळपुळीच्या जिवाणूचा असाच एक निरुपद्रवी वाण मिळवला. जनावरांना काळपुळीची लस देताना आजही तोच वापरला जातो. या वाणाने आपले संरक्षक कवच बनवणारा जनुकांचा तुकडा गमावला आहे, हे अनेक दशकांनी उलगडले.

ब्रुसेलाची कथाही अशीच. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन बक यांनी १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून हा जिवाणू वेगळा केला. ती नळी सुमारे वर्षभर सामान्य तापमानाला पडून राहिली आणि नंतर तपासली असता जंतूची मारकता घटलेली आढळली. हाच ‘स्ट्रेन-१९’ किंवा ‘एस-१९’. भारतात आज कालवडींना दिली जाणारी लस याच वाणाची आहे.

या तिन्ही उदाहरणांत जंतू दुबळा झाला, पण तो का झाला हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. एस-१९ मध्ये एका ठिकाणची ७०२ अक्षरे गळाली असल्याचे पुढे जनुकीय तपासणीत आढळले. एरिथ्रिटॉल नावाची शर्करा वापरण्यासाठी लागणारी ही जनुके होती. ती शर्करा गाभण गाईच्या गर्भाशयात मुबलक असते आणि मूळ जिवाणू तिच्यावर पोसतो. त्यामुळे कोडे सुटले असे वाटले. मात्र उंदरांवरील प्रयोगांत एस-१९चा दुबळेपणा या एका तुटीवर अवलंबून नसल्याचे दिसले. म्हणजे इतकी वर्षे वापरात असलेल्या लसीच्या सौम्यपणाचे पूर्ण कारण एका जनुकात सापडत नाही.

एस-१९ लसीची अडचण काय?

पहिली अडचण वयाची आणि लिंगाची. ही लस गाभण गाईला दिल्यास गर्भपात होऊ शकतो, तर वळूला दिल्यास वृषणाला सूज येऊ शकते. म्हणून ती फक्त चार ते आठ महिने वयाच्या कालवडी आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच दिली जाते. ही वेळ हुकली, की ते जनावर लसीविनाच राहते.

दुसरी अडचण टोचणाऱ्याची. हा वाण गाईसाठी दुबळा असला, तरी माणसाला रोग देऊ शकतो. धडपडणाऱ्या वासराला टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली किंवा लसीचा थेंब डोळ्यात उडाला, तर पशुवैद्यकाला उपचार घ्यावे लागतात.

तिसरी अडचण निदानाची. ब्रुसेलाच्या पृष्ठभागावर विशिष्ट शर्करांची एक लांब साखळी असते. जनावराचे शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ‘रोझ बेंगाल’ ही स्वस्त, काही मिनिटांत होणारी रक्तचाचणी हीच प्रतिपिंडे पकडते. एस-१९ वाणावरही तीच साखळी असते. त्यामुळे चाचणी सकारात्मक आली, तर ते लसीमुळे की रोगामुळे, हे ठामपणे सांगता येत नाही. लहान वयात लस दिल्यास प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, पण ती सगळ्याच जनावरांत वेळेवर ओसरतील याची खात्री नसते. निरोगी गाय रोगी ठरू शकते आणि ‘लस दिली होती म्हणून तसे दिसते’ असे सांगून रोगी गाय विकलीही जाऊ शकते.

भारतासाठी हा प्रश्न अधिक गंभीर का?

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये गाईंमधील ब्रुसेला अबॉर्टसचे उच्चाटन केले. लसीकरणाने रोगाचे प्रमाण खाली आणायचे, मग प्रत्येक कळप तपासायचा आणि बाधित जनावरे कापायची, अशी ही पद्धत होती. अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांनीही हाच मार्ग घेतला. भारतात तो शक्य नाही. बहुतेक राज्यांत गोहत्येवर निर्बंध आहेत. महाराष्ट्रात संपूर्ण गोवंश हत्याबंदी २०१५ पासून लागू आहे. शिवाय दोन-तीन गाईंवर घर चालवणाऱ्या कुटुंबाला त्यातली एक गमावणे परवडत नाही.

म्हणून भारताची सारी भिस्त लसीवर आहे. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथे राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाची सुरुवात झाली. लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी २०२४ पर्यंतच्या पाच वर्षांकरिता १२ हजार ६५२ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. ब्रुसेलोसिससाठी दरवर्षी ३.६ कोटी मादी वासरांना लस देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. इतक्या मोठ्या प्रमाणावर लस दिल्यानंतर रोग खरोखर घटतो आहे का, हे मोजायचे असेल, तर लस दिलेले आणि रोग झालेले जनावर वेगळे ओळखता आले पाहिजे.

जनुक नेमके कसे वगळतात?

ब्रुसेलाच्या जनुकसंचात सुमारे ३३ लाख अक्षरे आणि तीन हजारांहून अधिक जनुके आहेत. ती दोन गुणसूत्रांवर विभागलेली असतात. त्यातले एकच जनुक काढण्यासाठी शास्त्रज्ञ जिवाणूच्या स्वतःच्या दुरुस्ती यंत्रणेचा उपयोग करतात.

आधी नको असलेल्या जनुकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग घेतला जातो. मधले जनुक गाळून ही दोन टोके एकमेकांना जोडली जातात. हा तुकडा एका छोट्या वर्तुळाकार डीएनएवर चढवून जिवाणूत सोडतात. टोके ओळखीची असल्याने जिवाणू तो तुकडा आपल्या गुणसूत्रात सामावून घेतो. वर्तुळावर प्रतिजैविकाला दाद न देणारे एक जनुक आधीच बसवलेले असते. त्यामुळे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर फक्त तुकडा स्वीकारलेले जिवाणू वाढतात.

आता हे परके वर्तुळ बाहेर काढायचे असते. त्यासाठी शास्त्रज्ञ साखरेचा उपयोग करतात. त्याच वर्तुळावर ‘सॅक-बी’ नावाचे जनुक ठेवलेले असते. ते असलेला जिवाणू आपल्या नेहमीच्या साखरेवर वाढवला, की त्याच्यात घातक पदार्थ साठतो आणि तो मरतो. जगतात ते वर्तुळ बाहेर फेकलेले जिवाणू. त्यातल्या काहींत मूळ जनुक परत जागेवर आलेले असते, तर काहींतून ते कायमचे गेलेले असते. पीसीआर चाचणीने दुसऱ्या प्रकारचे जिवाणू निवडले जातात. त्यांच्यात प्रतिजैविकाला दाद न देणारे परके जनुक उरत नाही. लसीसाठी ही अट महत्त्वाची असते.

जुन्या पद्धतीत एखाद-दुसरे अक्षर बदलल्याने जंतू दुबळा झाला असेल, तर ते पुन्हा पूर्ववत होऊन जंतू मूळ पदावर येण्याची शक्यता राहते. अख्खे जनुक गेले असेल, तर ती वाट बंद होते. अधिक खात्रीसाठी काही वेळा दोन वेगवेगळी जनुके वगळली जातात.

कोणते जनुक काढायचे हे कसे ठरते?

जनुक काढण्याचे तंत्र आता बरेच रुळले आहे. कठीण आहे ती जनुकाची निवड. जंतू जास्त दुबळा झाला, तर शरीर त्याला काही दिवसांतच संपवते आणि प्रतिकारशक्ती पक्की होत नाही. कमी दुबळा झाला, तर तोच रोग देतो. लस या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते.

एक मार्ग जंतूची शिदोरी तोडण्याचा. १९८१ मध्ये होइसेथ आणि स्टॉकर या संशोधकांनी साल्मोनेला जिवाणूतील ‘एरो-ए’ जनुक निकामी केले. त्यामुळे काही अत्यावश्यक घटक जिवाणूला स्वतः बनवता येईनात आणि प्राण्याच्या शरीरातही ते पुरेसे मिळेनात. जंतू थोडा काळ तगला, प्रतिकारशक्ती जागवली आणि संपला. पशुलसींच्या संशोधनात हे उदाहरण पायाभूत ठरले.

दुसरा मार्ग जंतूचे हत्यार काढून घेण्याचा. ब्रुसेला ज्या भक्षक पेशींनी त्याला मारायचे, त्यांच्यातच घर करतो. त्यासाठी तो ‘व्हीआयआर-बी’ ही यंत्रणा वापरतो. ती काढली, की तो पेशीत तग धरू शकत नाही. पण तो लवकर संपल्याने लस म्हणून कमी पडण्याचा धोका असतो.

तिसरा मार्ग जंतूचा पेहराव बदलण्याचा. पृष्ठभागावरची शर्करांची साखळी काढली, तर जंतू दुबळा होतोच, शिवाय नेहमीच्या चाचणीत पकडली जाणारी प्रतिपिंडेही तयार होत नाहीत. एकाच बदलात सौम्यपणा आणि ओळख अशा दोन्ही गोष्टी साधण्याची शक्यता त्यात असते.

भारतीय शास्त्रज्ञांनी काय केले?

बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने हा तिसरा मार्ग निवडला. या संस्थेचा जन्म मात्र पुण्यातला. १८८९ मध्ये ‘इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ म्हणून ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली.

संस्थेतील संशोधकांनी एस-१९ हाच वाण घेऊन त्यातील ‘पर’ नावाचे जनुक वगळले. पृष्ठभागावरील साखळीचा मुख्य दुवा असलेली शर्करा बनवण्यासाठी हे जनुक लागते. तयार झालेल्या वाणाला ‘एस-१९ डेल्टा पर’ असे नाव मिळाले. ‘डेल्टा’ ही जनुक वगळल्याची खूण. साखळी असलेल्या जिवाणूंना प्रयोगशाळेत ‘गुळगुळीत’, तर नसलेल्यांना ‘खडबडीत’ म्हणतात. नवा वाण या दोहोंच्या मधला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार या वाणाने उंदरांना संरक्षण दिले, गाभण गिनीपिगमध्ये तो सुरक्षित ठरला आणि लस व रोग यांतला फरक ओळखणेही शक्य झाले. पुढे हे तंत्रज्ञान उत्पादनासाठी लस उद्योगाकडे सोपवण्यात आले. राष्ट्रीय कार्यक्रम मात्र एस-१९ लसीच्या आधारेच उभा राहिला.

उंदरापासून गाईपर्यंतचा प्रवास लांब का?

उंदरावरील प्रयोगात लस दिल्यानंतर काही आठवड्यांनी घातक जिवाणू टोचतात आणि प्लीहेत किती जिवाणू उरले हे मोजतात. गाईच्या बाबतीत खरा प्रश्न ‘ती गाभडते का’ हा असतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या कालवडीला लस द्यायची, ती वयात येऊन गाभण राहण्याची वाट पाहायची, मग गाभणकाळाच्या मध्यावर तिला घातक जिवाणूंना सामोरे न्यायचे आणि वितेपर्यंत थांबायचे. म्हणजे एका चाचणीला दोन वर्षे सहज लागतात. त्यासाठी जनावरे बंदिस्त, अतिसुरक्षित गोठ्यात ठेवावी लागतात. जनुकीय बदल केलेला जिवंत जिवाणू असल्याने पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९च्या नियमांनुसार वेगवेगळ्या समित्यांची परवानगीही घ्यावी लागते.

सौम्य जंतू म्हणजे पूर्ण सुरक्षित का?

नाही. अमेरिकेने १९९६ मध्ये ‘आरबी-५१’ हा खडबडीत वाण लस म्हणून स्वीकारला. रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाच्या सान्निध्यात पुन्हा पुन्हा वाढवून तो मिळवला होता. नेहमीच्या रक्तचाचणीत तो दिसत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण २०१७ आणि २०१८ मध्ये टेक्सास, न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क येथे कच्चे दूध प्यायलेल्या लोकांना याच वाणाची बाधा झाली. हा वाण रिफाम्पिसिनला दाद देत नाही आणि माणसातील ब्रुसेलोसिसवर तेच एक प्रमुख औषध आहे. शिवाय जो गुण गाईचे निदान सोपे करतो, तोच माणसाच्या निदानात आडवा आला. नेहमीच्या रक्तचाचणीत ही बाधा सापडत नाही.

चीनमधील लान्झू शहरातील घटना याहून मोठी. २०१९च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या पशुलस कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले. कारखान्यातून बाहेर सोडलेल्या हवेसोबत ब्रुसेलाचे जिवाणू आसपासच्या वस्तीत पोहोचले. सप्टेंबर २०२० मध्ये स्थानिक आरोग्य प्रशासनाने ३ हजार २४५ जणांना बाधा झाल्याचे जाहीर केले. पुढे हा आकडा आणखी वाढला. जिवंत लस बनवताना जंतूचा दुबळेपणा हा सुरक्षेचा केवळ एक भाग असतो, हे या घटनेने दाखवून दिले. म्हणूनच नवा वाण माणसासाठी किती सौम्य आहे, हे गाईइतक्याच काटेकोरपणे तपासावे लागते.

तोवर पशुपालकांनी काय करावे?

नव्या लसीची वाट पाहत कालवडींचे लसीकरण टाळणे हा सर्वांत महागडा पर्याय ठरेल. चार ते आठ महिन्यांच्या वयात एस-१९ लस देऊन कानातल्या बिल्ल्यासह नोंद करून घेतली, तर पुढे चाचणीचा अर्थ लावणे सोपे जाते. नवीन जनावर विकत घेताना रक्ततपासणी करावी आणि अहवाल येईपर्यंत ते वेगळे बांधावे. गाय गाभडल्यास गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे वा ओढ्यात टाकू नये; खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. नमुना पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावा. दूध उकळूनच प्यावे. लस टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा वापरावा. सुई लागल्यास डॉक्टरकडे जाताना लसीच्या वाणाचे नाव आवर्जून सांगावे, कारण औषध त्यावर ठरते.

जनुक वगळलेली लस गोठ्यापर्यंत पोहोचली, तर गाभडणे एका दिवसात थांबणार नाही. पण कोणती गाय लसीमुळे सकारात्मक आहे आणि कोणती रोगामुळे, हे पशुवैद्यक ठामपणे सांगू शकेल. जनावर न मारता रोग आटोक्यात आणायचा असेल, तर रोगी गाय वेगळी बांधणे हाच उपाय उरतो आणि त्यासाठी ती आधी ओळखता यावी लागते.